चौथीच्या वर्गात पाण्याची घंटा आणि वीस मिनिटांचं पळणं: माझा अनुभव

वर्ग चौथीचा, पट 38, शाळा साडेदहा ते पाच. ठरवलं एवढंच होतं: दिवसातून तीनदा पाण्याची घंटा, म्हणजे ती वाजली की सगळ्यांनी पाणी प्यायचं, आणि वीस मिनिटं खरंखुरं पळणं. घंटेची कल्पना आमची नाही. केरळच्या शाळांत ती 2019 मध्येच सुरू झाली. आधाराला इलिनॉय विद्यापीठातला प्रयोग होता. तिथे 9 ते 11 वर्षांच्या मुलांना चार दिवस रोज अडीच लिटर आणि वेगळे चार दिवस रोज अर्धाच लिटर पाणी दिलं. पाणी भरपूर असताना, दोन नियम डोक्यात ठेवून करायच्या कामात मुलांचा वेग कमी घसरला. अडीच लिटर मात्र प्रयोगापुरतं. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरण 9 ते 13 वर्षांच्या मुलींना दिवसाला 1.9 आणि मुलग्यांना 2.1 लिटर धरतं, तेही वरण, दूध, फळांतलं पाणी मिळून. म्हणून शाळेच्या वाट्याला 500 ते 600 मिली धरलं: घंटेला 150, बाकीचं खिचडीबरोबर.

पहिला घोळ नळावर. एकाला वीस सेकंद धरले तरी 38 मुलांना साडेबारा मिनिटांच्या वर लागतात, म्हणजे तासाचा एक मोठा लचका. मग बाटली बाकावरच ठेवली. अर्ध्या लिटरच्या बाटलीवर मार्करने 350, 200 आणि 50 मिलीला रेघा मारल्या. पावणेबारा, सव्वादोन, पावणेचार. दर घंटेला पाणी एक रेघ खाली. दोन मिनिटांत काम होतं. बाटली विसरणाऱ्यांसाठी माठ, ओगराळं आणि सहा पेले. माठ रोज घासायचा, आणि पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे जलसुरक्षकाकडून (गावच्या पाण्यावर देखरेख ठेवणारा) ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून रंग बघायची चाचणी, करून पाहायचं.

दुसरा घोळ उशिरा कळला. मुलींच्या बाटल्यांतलं पाणी रेघेप्रमाणे उतरत होतं, पण जात होतं खिडकीतल्या कुंडीत. कारण साधं: स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती आणि बादली कोरडी. लघवीला जायची सोय नसेल तर मूल पाणी पिणार नाही, मग घंटा कितीही वाजवा. कडी बसवली, बादली-मग ठेवला, दारापाशी पुठ्ठ्याचे दोन पास टांगले. पास उचलायचा, जायचं, परत अडकवायचा. बाईंना विचारायचं नाही. माझ्या मते हे काम घंटेच्या आधी व्हायला हवं होतं.

पाणी पुरतंय का, हे लघवीच्या रंगावरून मुलांनाच कळतं. फिक्या लिंबू सरबतासारखा रंग ठीक. सफरचंदाच्या रसासारखा गडद असेल तर पाणी कमी. (जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रंग फसवतो.) जबरदस्ती कुणालाच नाही, आणि मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या मुलाचं पाणी डॉक्टर सांगतील तेवढंच.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाला दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. वीस आम्ही देतो, उरलेली गल्लीत. खेळाच्या तासाला घड्याळ लावलं तर खो-खो इथे कामाचा नाही. पाठलाग करणाऱ्या नऊंपैकी आठ बसलेले असतात. बाद झालेला तर चिंचेखाली. म्हणून आठ-दहा जणांचे चार गट करून लंगडी. बाद झालेल्याने दहा उड्या मारून परत आत यायचं. दर दोन मिनिटांनी लंगडी घेणारा बदलायचा, पाय बदलायचा. जोर बरोबर आहे का, हे बोलण्यावरून ओळखायचं: मुलाला बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

मैदानावर जाण्यापूर्वी चार-पाच घोट. या वयाला खेळताना दर वीस मिनिटांनी 100 ते 250 मिली पुरतं. ग्लुकोज पावडर नको, एवढ्या खेळाला साधं पाणीच.

मार्चनंतर सकाळची शाळा लागली की वेळापत्रक उलटतं. सातला येणारी बरीच मुलं फक्त चहा घेऊन आलेली असतात, म्हणून पहिली घंटा परिपाठाच्या आधी आणि लंगडी साडेआठच्या आत.