सहा आठवडे, पण...

नव्याने टीम लीड झालेली मंडळी भेटली की हा प्रश्न ठरलेलाच: सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट रखडतो तेव्हा मॅनेजरचं नेमकं कुठे चुकतं? विचारणाऱ्याला बहुतेकदा दहा चुकांची यादी हवी असते. माझ्या मते मूळ चूक एकच, आणि ती पहिल्याच आठवड्यात होऊन जाते. अंदाज मागायचा आणि तो वचन म्हणून धरून बसायचं.

डेव्हलपर म्हणतो, "सहा आठवडे लागतील, पण जुना डेटा कसा आहे ते अजून बघितलेलं नाही." यातलं 'पण'च्या पुढचं कुणीही लिहून घेत नाही. संध्याकाळपर्यंत क्लायंटला सहा आठवड्यांची तारीख कळवलेली असते. प्रत्यक्ष काम अगदी सुरुवातीच्या अंदाजाच्या चौपट किंवा जेमतेम एक चतुर्थांशही निघू शकतं, हे सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे अभ्यासक बॅरी बोहम यांनी 1981 सालीच मांडलं होतं. तरी आपण तारीख मागतो ती दिवसासकट.

बाकीच्या चुका या तारखेच्या पोटी जन्मतात. स्टेटस मीटिंगमध्ये "90 टक्के झालं" हे ऐकू येतं, आणि पुढच्या मीटिंगलाही तेच. बोलणारा खोटं बोलत नसतो. स्क्रीन दिसते, बटण दाबलं की काम होतं. उरलेलं असतं ते न दिसणारं: परवानग्या, चुकीचा डेटा आला तर काय, शंभर जण एकदम आले तर काय. म्हणून मी टक्के विचारणं सोडलं. चालतंय ते दाखवा, एवढंच म्हणतो.

मग माणसं वाढवतात. आयबीएमच्या ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रचंड कामाची धुरा सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलं की उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं घातली की तो आणखी लांबतो. हिशोब सोपा आहे. पाच जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या 10, दहा जणांत 45. शिवाय नव्यांना शिकवायला बसतो कोण? ज्याच्यावाचून काम अडलंय, तोच. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी वरून दबाव आला की पाच माणसं मागितली जातात, कारण मागणं म्हणजे काहीतरी केल्यासारखं दिसतं.

माणसांनी भागलं नाही की टेस्टिंगचे दिवस खायचे. अमेरिकेच्या आरोग्य विम्याच्या सरकारी संकेतस्थळाचं उदाहरण मी हमखास देतो. ते 1 ऑक्टोबर 2013 ला सुरू झालं आणि पहिल्या दिवशी फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. सगळे भाग जोडून नीट तपासायला वेळ उरणार नाही, असा इशारा बाहेरच्या सल्लागारांनी त्याच वर्षी वसंतात दिला होता. म्हणजे माहिती होती, तारीख मात्र हलली नाही. नंतर दुरुस्तीला आलेल्या टीमने भिंतीवर नियम लावले. पहिला असा: इथल्या मीटिंगा प्रश्न सोडवायला आहेत, दोष ढकलायला इतर जागा भरपूर आहेत. मला त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत कामाची गोष्ट हीच वाटते. वाईट बातमी आणणाऱ्यालाच झापलं तर पुढची बातमी थेट रिलीजच्या रात्री कळते.

यावर लगेच उलटप्रश्न येतो: "पण क्लायंट तारीख मागणारच ना?" मागणारच, आणि द्यावीही. फक्त अंदाज पट्ट्यात द्यावा, सहा ते चौदा आठवडे असा, आणि जुना डेटा तपासून झाला की तो पट्टा अरुंद करून पुन्हा कळवावा. तारीख अजिबात हलणार नसेल तर कोणते रिपोर्ट दुसऱ्या रिलीजमध्ये जातील ते पहिल्याच ईमेलमध्ये लिहावं. क्लायंट कुरकुर करतो, फोनवर आवाज चढतो, आणि मग बहुधा तोच सांगतो की यातले दोन रिपोर्ट तसेही कुणी उघडत नाही.