पैसे नेमके कधी मागतात?

आमच्या डेस्कवरचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "मेडिक्लेम आहे का?" हो म्हटलं की कार्ड, आधार, पॅन. नाही म्हटलं की शेजारची खिडकी, डिपॉझिट. पुण्यातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात विम्याच्या काउंटरवर बसून मी निवृत्त झाले. डॉक्टर रोग बघायचे, आम्ही पॉलिसी बघायचो. पेशंटला काय झालंय हे आम्हालाही कळायचं, पण अप्रूव्हलच्या फॉर्मवर लिहायला म्हणून.

आता लेक ब्रिटनमध्ये लेस्टरला आहे आणि भाचा जर्मनीत श्टुटगार्टला. त्यामुळे घरच्या ग्रुपवर "तुमच्याकडे बरं की आमच्याकडे" हा वाद अधूनमधून पेटतोच. एकाला ब्रिटनमधल्या रांगा नको वाटतात, दुसऱ्याला पुण्यातली बिलं. मी आपली माझ्या खिडकीतून बघते. औषधं तीच, मशिनं त्याच कंपन्यांची, आणि ब्रिटनमध्ये तर डॉक्टरही बऱ्याचदा आपल्याच कॉलेजांतून शिकून गेलेले. फरक पडतो तो पैसे कुणाकडून आणि कोणत्या घटकेला मागतात याने.

आधी आपल्याकडचं सांगते, कारण त्यातलं मला झोपेतही सांगता येईल. समजा, पॉलिसी तीन लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का. म्हणजे दिवसाला तीन हजार. घरचे म्हणतात, "बाबांना जरा चांगली रूम द्या," आणि सहा हजारांची घेतात. त्यांना वाटतं, वरचे तीन हजार आपण भरू, झालं. पण रूम दुपटीची घेतली म्हणून कंपनी सर्जनची फी, ओटी, नर्सिंग, व्हिजिट हे सगळंच निम्मं धरते. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट तेवढे त्यातून सुटतात. त्यात रुग्णालयाचे दरही रूमच्या वर्गाप्रमाणे चढतात. तोच सर्जन, तेच टेबल, तोच हर्निया. जनरल वॉर्डाला एक भाव, डिलक्सला दुसरा. हे समजावताना समोरच्या माणसाचा चेहरा कसा बदलतो, ते मी इतक्यांदा पाहिलंय की शेवटी शेवटी मी ॲडमिशनलाच कागदावर आकडे मांडून दाखवायला लागले. वरचे साहेब नाराज व्हायचे. लोक स्वस्तातली रूम घ्यायचे ना!

डिस्चार्जचा दिवस तर विचारूच नका. सकाळी नऊला डॉक्टर "घरी जा" म्हणून मोकळे होतात. मग फायनल बिल, ते टीपीएकडे (म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे), तिकडून एक क्वेरी, क्वेरीला उत्तर, मग कपात. सलाईन काढलेला माणूस शर्ट-पँट घालून पलंगाच्या कडेला संध्याकाळपर्यंत बसलेला. २०२४ मध्ये विमा नियामकाने कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायचा नियम केला. चांगला नियम आहे. फक्त त्या तीन तासांचं घड्याळ रुग्णालयाने बिल पाठवल्यावर सुरू होतं, आणि बिल पाठवायला किती वेळ लावायचा हे रुग्णालयाच्या हातात.

लेकीच्या बाळंतपणाला मी लेस्टरला गेले ती या पार्श्वभूमीवर. तिच्या व्हिसाबरोबरच तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार भरलेला होता. तो आता वर्षाला माणशी १,०३५ पौंड आहे आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचा एकदम भरावा लागतो. शिवाय पगारातून कर कापला जातो तो वेगळाच. तेव्हा "तिथे सगळं फुकट" म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. पण एकदा ते भरलं की पुढे खिडकीच नाही! मी सवयीने दवाखान्यात बिलिंग काउंटर शोधत होते. रिसेप्शनवर नाव, जन्मतारीख आणि पत्ता विचारला, बस्स.

नऊ महिन्यांत लेकीने एकही स्त्रीरोगतज्ज्ञ पाहिली नाही. सगळं मिडवाइफ, म्हणजे शिकलेली सुईण, बघायची. सोनोग्राफी दोनच, बाराव्या आठवड्याच्या सुमारास एक आणि विसाव्याच्या सुमारास एक. आमच्या सोसायटीतल्या सुनांचं दर महिन्याला स्कॅनिंग बघितलेली मी, मला धड झोप लागेना. (विसाव्या आठवड्याच्या स्कॅनला त्या बाईने सहज "मुलगा की मुलगी, सांगू का?" विचारलं, तेव्हा मी दचकून दाराकडे पाहिलं. आपल्याकडे सोनोग्राफीच्या खोलीत तो कायद्याचा बोर्ड वर्षानुवर्षं बघितलाय ना.) बाळंत झाली, दुसऱ्या दिवशी घरी. हातात औषधाची पिशवी आणि कागद, बिल नाही. नंतर मिडवाइफच घरी आली, बाळाचं वजन केलं, टाचेतून रक्ताचे थेंब घेतले, लेकीला रडू येतंय का, झोप होते का, असं निवांत बसून विचारलं. बाळंतिणीला रडू येतंय का हे आपल्याकडे विचारणारं कुणी मला तरी भेटलेलं नाही, आईलाही ते कधी सुचत नाही.

त्याच मुक्कामात आमचे हे बर्फावरून घसरले आणि मनगट मोडलं. इमर्जन्सीत बरेच तास बसवून ठेवलं, पण एक्स-रे काढून प्लास्टर घातलं आणि पैसे घेतले नाहीत, कारण तिथे पाहुण्यालाही इमर्जन्सीतले उपचार मोफत असतात. मात्र पुढच्या तपासणीची तारीख देताना "तुम्ही इथले रहिवासी आहात का?" हा प्रश्न आलाच. इमर्जन्सीच्या दाराबाहेर पडलं की परदेशी पाहुण्याला दीडपट दराने बिल लागतं. उरलेलं प्लास्टर पुण्यात येऊन काढलं.

आता दुसरी बाजू. बाळ लहान असतानाच लेकीला पित्ताशयातले खडे निघाले. पुण्यात असती तर पुढच्या मंगळवारी दुर्बिणीने काढून गुरुवारी घरी. तिथे यादीत नाव लागलं. नियमाने १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हायला हवेत. पण हे उद्दिष्ट इंग्लंडने २०१६नंतर गाठलेलंच नाही. २०२३च्या सप्टेंबरात तिथली प्रतीक्षायादी ७७ लाखांच्या वर होती. रात्री दोनला पोटात कळ आली की हे आकडे कसे वाटतात, ते तिला विचारा. शेवटी जावयाच्या कंपनीच्या खासगी विम्यातून तिने ऑपरेशन करून घेतलं. सर्जन कोण? सरकारी यादीत ज्यांच्याकडे नाव लागलं होतं तेच! १९४८ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेवन यांनी ही राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी केली तेव्हा बडे डॉक्टर यायला तयार नव्हते, म्हणून त्यांना खासगी प्रॅक्टिस ठेवायची मुभा दिली. तो करार अजून चालू आहे. गरज दुखण्याची, पण पुढचा नंबर पैशाचा, हे तिथेही आहेच. फक्त थोड्यांच्या बाबतीत.

एक गोष्ट मात्र लेकीने कागदपत्रं वाचून सांगितली आणि माझ्या डोक्यात बसली. तिथल्या बऱ्याच खासगी रुग्णालयांत अतिदक्षता विभाग नसतो. काही बिघडलं तर पेशंटला सरकारी रुग्णालयात हलवतात. आमच्याकडूनही पेशंट सरकारी ससूनला जायचे. बिघडलं म्हणून नव्हे. पैसे संपले म्हणून.

जर्मनीचं मला भाच्याकडून कळतं, आणि तो अभियंता असल्यामुळे टक्केवारीशिवाय बोलत नाही. तिथली विम्याची पद्धत चान्सलर बिस्मार्कच्या काळातली, १८८३ची. पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडा अधिभार. निम्मे मालक भरतो, निम्मे नोकरदार. बायको कमावत नसेल तर ती आणि मुलं त्याच हप्त्यात. पोटात अपेंडिक्स फुगलं तेव्हा याला रुग्णालयात दिवसाला १० युरो पडले, आणि तेही वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवसांचे. बिल पोस्टाने घरी आलं, पन्नासच्या आतलं. त्याच्यासारख्या पेशंटमागे रुग्णालयाला निदानाप्रमाणे ठरलेली रक्कम मिळते. खोलीवरून ऑपरेशनचा भाव ठरत नाही. मला हे ऐकून आमच्या साहेबांची आठवण झाली.

पण भाचा तक्रारही करतो. डोळ्यांच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरकडे अपॉइंटमेंटसाठी फोन केला की पहिला प्रश्न, "सरकारी विमा की खासगी?" खासगी म्हटलं की याच आठवड्यात, सरकारी म्हटलं की दोन-तीन महिन्यांनी. माझ्या डेस्कची जर्मन शाखाच म्हणा. ज्यांचा पगार ठरावीक रकमेच्या वर जातो (२०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरो) त्यांना खासगीत जाता येतं, आणि एजंट त्याच्या मागेच लागला होता. तरुण वयात हप्ता कमी, पण प्रत्येक मुलाचा वेगळा, वयाबरोबर चढत जाणारा, आणि पंचावन्नच्या पुढे परतीची वाट जवळपास बंद. मी त्याला फोनवर एवढंच म्हटलं, "अरे, साठीनंतरचा हप्ता विचार आधी." मग तो गेला नाही. भरपूर कमावणाऱ्यांना सामाईक गल्ल्यातून बाहेर पडू देणं हे त्या पद्धतीतलं मोठं भोक आहे असं माझं मत; भाच्याला ते पटत नाही.

आपल्याकडे असं काही कुणाला सुचलंच नव्हतं असं नाही. नाशिकला जन्मलेले आणि पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्येच लिहून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहता कामा नये. बेवनच्या सेवेच्या दोन वर्षं आधी! अहवाल राहिला, गल्ला काही भरला नाही. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत ३९.४ वर आला. उतरला हे खरंच. पण तो उरलेला वाटा कसा गोळा होतो, ते मी खिडकीतून पाहिलंय: मुलगा पुतण्याला फोन लावतोय, बायको पिशवीतली बांगडी चाचपतेय, आणि स्ट्रेचर लिफ्टपाशी उभं.

योजना नाहीत असंही नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. आणि धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या, हे २००६च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने बांधलेलं आहे. त्यासाठी बिलांचे दोन टक्के वेगळे काढून ठेवावे लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १ लाख ८० हजार, दुर्बलांना ३ लाख ६० हजार. आमच्याकडे त्याचा बोर्ड होता. औषधाच्या दुकानाकडे वळताना, खांबाच्या मागच्या अंगाला.

म्हणून ओळखीतलं कुणी ॲडमिट होत असेल आणि घरात कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड असेल तर मी आता एवढंच सांगते. फुले योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, आधी गाठा. आणि रुग्णालय धर्मादाय असेल तर पहिल्याच दिवशी, डिपॉझिटच्या खिडकीवर उभं राहण्याआधी, समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारून अर्ज द्या. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला नसेल तर घरी राहिलेल्याला त्याच दिवशी त्याच्या मागे लावा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली. फायनल बिल निघाल्यावर तोंडी केलेल्या विनंतीला आमच्याकडे एकच उत्तर होतं, "मॅडम गेल्या, उद्या या."