आठ इंची दुर्बिणीतून क्वेसार बघितला, माझा अनुभव

देवयानी दीर्घिका बघून झाल्यापासून डोक्यात एकच होतं की आपल्या डॉबमधून (डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या स्टँडवरची आरशाची दुर्बीण) सगळ्यात लांबचं काय दिसू शकतं. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षं लांब, पण कन्या राशीत थ्री सी २७३ नावाचा क्वेसार (फार लांबच्या दीर्घिकेचा अतिशय तेजस्वी गाभा) आहे, त्याचा प्रकाश तिथून निघून जवळपास २०० कोटी वर्षं झालीत आणि तरी तो साधारण १३ मॅग्निट्यूडचा (तेजाचं माप, आकडा मोठा तितकं फिकट) आहे, म्हणजे अंधारी जागा असेल तर आठ इंचीच्या आवाक्यात. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी याच्याच वर्णपटावरून ओळखलं की हा आपल्या आकाशगंगेतला तारा नाही, प्रचंड लांबची वस्तू आहे.

एप्रिलमधल्या अमावस्येच्या आसपासचा शनिवार धरला आणि मित्राबरोबर पुण्याहून जुन्नरच्या पुढे माळशेजच्या बाजूला गेलो. पोचल्यावर आधी आरसे थंड होऊ दिले, कोलिमेशन म्हणजे आरशांची जुळणी चेक केली, मोबाईल बंद, फक्त लाल टॉर्च, अर्धा तास डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दिली. हे कंटाळवाणं वाटतं पण यात घाई करायचीच नाही.

शोधायची पद्धत अशी, कन्येतल्या चित्रा ताऱ्यापासून वर पोरिमा, तिथून पुढे ईटा, हे दोन्ही त्याच राशीतले तारे. ईटाच्या उत्तरेला १६ व्हर्जिनिस, हा पाचव्या मॅग्निट्यूडचा तारा, आणि या दोघांच्या पूर्वेला जो त्रिकोण होतो त्याच्या टोकाशी आपला क्वेसार. २५ एमएमच्या आयपीसने (डोळ्याजवळचं भिंग) ४८ पट मोठं दिसतं, त्यात साधारण एक अंशाचं आकाश मावतं. न्यूटोनियनमध्ये, म्हणजे अशा आरशाच्या दुर्बिणीत, चित्र उलटं दिसतं म्हणून छापलेला नकाशाही उलटा धरायचा. आणि कन्या रास तेव्हा इतकी वर असते की सरळ फाइंडरमध्ये (नळीवरची छोटी शोधक दुर्बीण) बघताना मानेची वाट लागते, काटकोनी फाइंडर असेल तर खरंच सुख आहे.

जागा सापडली तेव्हा १० एमएम लावला, १२० पट. आकाश थोडं काळं झालं आणि फिकट तारे वर आले. थेट बघितलं तर काहीच नाही, नजर जरा बाजूला नेली की एक बारीक ठिपका यायचा आणि जायचा. नळीला बोटाने हळूच टिचकी मारली की हलताना तो पटकन लक्षात येतो, ही युक्ती फार कामाची.

पण बाजूचे साधे तारे पण असेच दिसतात, मग हाच तो कशावरून? म्हणून मी आधी दिसेल तसे ठिपके कागदावर काढले आणि मग नकाशाशी जुळवले. मित्राला काहीच न सांगता वेगळं काढायला लावलं, त्यानेही त्याच जागी ठिपका दिला तेव्हा खात्री पटली. अंगावर काटा आला राव! ज्या सह्याद्रीच्या काळ्या दगडावर आम्ही उभे होतो तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि हा प्रकाश त्याच्या कितीतरी आधीच निघालेला.

दिसायला तो साध्या ताऱ्यासारखाच आहे, ना रंग ना आकार, त्यामुळे फोटोसारखं काही दिसेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. त्याचं तेज थोडं कमी-जास्त होत असतं, म्हणून शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून नोंद ठेवली तर आणखी मजा येते, मी आता दरवर्षी ठेवणार आहे. तुलनेच्या ताऱ्यांसकट नकाशा एएव्हीएसओ या बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकन संस्थेच्या साइटवर फुकट मिळतो. मार्च-एप्रिलच्या अमावस्या सोडू नका, मे मध्ये हवा धूसर होते आणि मग पावसाळा, म्हणजे थेट पुढच्या वर्षीच.