तिसरा फॉर्म

दिवाळी अंक छापायला गेला की आमच्या बेळगावच्या त्रैमासिकात कुणाला जेवणाचं भान नसतं. वर्षाला चार अंक निघतात, पण पुढच्या तीन अंकांचा कागद आणि छपाई या एकाच अंकाच्या जाहिरातींवर भागते. खडेबाजार, गणपत गल्लीतले दुकानदार, सराफ, पतसंस्था यांच्या त्या जाहिराती. वर्गणीतून टपालखर्च सुटला तरी पुष्कळ. त्यामुळे अंक वसुबारसेच्या आत वाचकाच्या हातात पडायलाच हवा. त्या सकाळी मी शहापूरच्या छापखान्यात बसले होते. तिसऱ्या फॉर्मच्या, म्हणजे एकत्र छापायच्या सोळा पानांच्या, प्लेटा काढायला घेणार, एवढ्यात निपाणीहून आक्कांचा फोन आला.

"बाई, ती मुकादमाची दोन पानं काढा."

आक्का म्हणजे आमच्या अंकातली मुख्य मुलाखत. तरुणपणी तंबाखूच्या वखारीत चाळणीवर, नंतर घरी विड्या वळायच्या, आणि मधल्या वेळात ओव्या रचायच्या. निपाणीच्या वखारींवर मराठीत लिहिलं गेलं नाही असं नाही. महादेव मोऱ्यांनी पिठाची गिरणी चालवत त्या बायकांच्या कथा लिहिल्या. पण वखारीत बसलेली बाई स्वतः बोलतेय, तिच्याच बोलीत, असं छापील मला फारसं कुठं दिसलं नव्हतं. बेळगावातून नियतकालिक काढायचं ते त्यासाठीच, असं मला मनापासून वाटतं. इंदिरा संतांनी आयुष्य या गावात काढलं, जी. ए. कुलकर्णी याच मातीतले. पण त्यांचं लेखन छापून यायचं ते मुंबई-पुण्याहून. मोठ्या लेखकांना तेवढं पुरतं. आक्कांसारख्या बाईपर्यंत मुंबई-पुण्याचा संपादक कशाला येईल?

मी दोन-तीनदा जाऊन त्यांना ऐकलं होतं. १९८१चं तंबाखू आंदोलन त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. शरद जोशींच्या हाकेवर शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठिय्या मारून बसले होते, तेव्हा आक्का घरच्या भाकऱ्या बांधून तिथं पोचवायच्या. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, त्या दिवसाबद्दल बोलताना त्या मध्येच उठून चूल सारखी करून आल्या. आणि त्याच ओघात त्यांनी वखारीतल्या एका मैत्रिणीची हकीकत सांगितली. मुकादमानं तिचं काय केलं, कामावरच्या बायका कशा गप्प राहिल्या, पुढं तिचं लग्न कसं घाईनं उरकलं, सगळं. अख्ख्या मुलाखतीतला तो सगळ्यांत जबर भाग होता. कुणीही संपादक तो डोळे झाकून छापेल.

आमच्याकडे एक नेम आहे. मुलाखत टाईप झाली की ज्याची त्याला परत पाठवायची, त्यानं हो म्हटल्यावर छापायची. आक्कांना सलग वाचता येत नाही. कॉलेजात जाणाऱ्या नातीनं रात्री त्यांना ती मोठ्यानं वाचून दाखवली होती. माझ्याशी बोलताना खोलीत आम्ही दोघीच होतो. आता तेच शब्द त्यांच्या घरात, सुनेसमोर, उघड्या दारात ऐकू आले.

"म्या बोलले त्यात खोटं एक अक्षर न्हाई. पर ते माझं न्हवं, तिचं हाय. तिच्या घरात दोन सुना आल्यात."

"आक्का, नाव बदलूया का?"

"नाव बदलून काय हुतंय? खिडकीजवळ बसणारी एकच हुती. समद्या गल्लीला ठावं हाय."

संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना फोन केला. ते कळकळीनं म्हणाले, असा पुरावा पुन्हा मिळायचा नाही, शोषणाचं खरं चित्र तेवढ्याच पानांत आहे, त्यांना समजावा. त्यांचं म्हणणं मला कळत होतं. पण शोषणाचं चित्र म्हणून जिचं आयुष्य आपण मांडणार, तिला कुणी विचारलंय का? ती बाई अजून निपाणीतच राहते, रोज त्याच नळाला पाणी भरते. आमचा अंक तिथल्या घराघरांत जातो. शंभर मैलांवरच्या वाचकाला जे साहित्य वाटेल, ते तिच्या दारात चव्हाटा होईल. मी पानं काढायचं ठरवलं.

काढायचं म्हणणं सोपं. फॉर्म सोळा पानांचा. दीड पान मजकूर उचलला की पुढची कथा वर सरकणार, अनुक्रमणिकेचे आकडे चुकणार, चौथ्या फॉर्मपर्यंत सगळं हलणार. ऑपरेटर पोरगा घरी कन्नड बोलणारा, पण आमचं मराठी त्याच्या इतकं बिनचूक लावणारा दुसरा कुणी नाही. तो म्हणाला, "मॅडम, तेवढंच काहीतरी द्या, बाकी मी हलू देत नाही." खानापूरच्या एका शिक्षकाची कविता पुढच्या अंकासाठी ठेवली होती, ती अर्ध्या पानावर बसली. राहिलं एक पान.

आक्कांनाच पुन्हा फोन लावला. म्हटलं, जागा रिकामी राहतीय, तुमचं स्वतःचं असं काही सांगा. त्या जरा थांबल्या आणि 'छाट', म्हणजे नापास ठरवलेल्या विड्यांचं, सांगायला लागल्या. विडीचं पान रात्रभर ओल्या पोत्यात ठेवायचं, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कातरायचं, मांडीवर सूप, चिमटीत जर्दा, वळायचं, नखानं तोंड दुमडायचं, दोरा आवळायचा. पंचवीस विड्यांचा कट्टा. ते कट्टे घेऊन कारखान्यात गेलं की तपासणारा हातानं दाबून बघायचा आणि छाट बाजूला टाकायचा. त्याची मजुरी नाही, आणि छाटलेल्या विड्या परतही मिळायच्या नाहीत. "मग त्या जात कुठं हुत्या, बाई? कुणीतरी वडतच हुतं की!" फोन स्पीकरवर होता, पोरगा ऐकत थेट टाईप करत होता. मध्ये एकदा त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं, मग फोनवर हात दिसत नाही हे लक्षात येऊन "अक्का, जरा सावकाश" म्हणाला. तेवढ्यात एक पान भरलं. मी ते त्यांना तिथंच वाचून दाखवलं. "हां, हे माझं हाय," त्या म्हणाल्या. दुपारी प्लेटा निघाल्या.

ज्येष्ठ सहकारी अजूनही म्हणतात की मुलाखत मधेच हलकी पडते. पडते, खरंच. मला ते मान्य आहे, आणि उद्या तोच फोन आला तर मी पुन्हा तीच पानं काढीन.

अंक द्यायला निपाणीला गेले, तेव्हा आक्कांनी आधी टेपचं विचारलं. रेकॉर्डिंगमधला तो भाग मी त्यांच्यासमोर पुसला. नातीनं फोन हातात घेऊन खात्री केली. मग आक्कांनी अंक मोजून घेतले आणि मानधनातून जादा पाच अंकांचे पैसे कापायला लावले. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "फुकट दिलं की बायका चुलीजवळ ठेवत्यात. इकत घेतलं की पोरांस्नी वाचाय लावत्यात."