सिविकचं पोट: अखेर फ्लँजचा कान फिरवला

मंडळी, माझ्या होंडा सिविकचं पोट, म्हणजे गाडीचा तळ, स्पीडब्रेकरवर घासतं. त्या बाबतीत पहिल्यांदाच काहीतरी ठोस हाती लागलंय, म्हणून ही नोंद. सम्प गार्डचं (इंजिनखाली लावायच्या संरक्षक पत्र्याचं) काम मागे जिथे थांबलं होतं तिथेच आहे. सगळा वेळ मधल्या फ्लँजने (एक्झॉस्ट पाइपचे दोन तुकडे बोल्टने जोडणाऱ्या चकतीने) खाल्ला, पण गाडी नेमकी कुठे घासते याचा छडा त्यामुळेच लागला.

सुरुवात आवाजाने झाली. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की ड्रायव्हरच्या सीटखालून फट-फट, आणि पाचेक मिनिटांत आवाज बंद. पाइप तापून प्रसरण पावला की गळती बुजते, ही फ्लँजच्या गास्केटची ओळखीची खूण. गाडी लिफ्टवर घेतली आणि दृश्य बघून पोटात कालवलं. फ्लँज दोन बोल्टचा, लंबगोल, आणि त्याचे कान, म्हणजे बोल्टची बाहेर आलेली टोकं, वर-खाली उभे. खालच्या कानावरचा नट घासून घासून चंद्रकोरीसारखा झालेला, पाना धरेना. बोल्टचे आटे एका बाजूने पार सपाट, चांदीसारखे चकचकीत. हा पाइप आधीच्या मालकाने कधीतरी बदलून घेतलेला, फ्लँजही बाहेरचाच. ज्याने तो जोडला त्याने कान कुठल्या दिशेला येताहेत हे पाहिलेलंच नाही.

आता चुन्याचा प्रयोग. ज्यांच्या गाड्या बसक्या आहेत त्यांनी हा कराच, खर्च जवळजवळ शून्य. पोटाखालचा प्रत्येक खालचा बिंदू ब्रशने चुना लावून पांढरा करायचा: इंजिनखालच्या गार्डची पुढची कड, सबफ्रेमचे (इंजिन धरणाऱ्या चौकटीचे) बोल्ट, फ्लेक्झी (एक्झॉस्टचा जाळीदार लवचिक तुकडा), फ्लँज, मागचा सायलेन्सर. मग चार मोठी माणसं आणि भरलेली डिकी घेऊन रोजच्या स्पीडब्रेकरवरून जायचं. परत येऊन बघितलं तर गार्डवरचा चुना जसाच्या तसा, सबफ्रेमवरचाही. फक्त फ्लँजचा कान पुसलेला आणि फ्लेक्झीच्या जाळीवर हलकी रेघ. वेल्डिंगवाले काका खाली वाकून बघत म्हणाले, "साहेब, तुमचं इंजिन नाही घासत. हा कान घासतोय. गार्ड कसला लावताय, आधी हा फिरवा की."

या एका वाक्याने माझा सगळा आराखडा उलटा झाला, आणि गणितही त्याच बाजूने बोलतं. आयआरसी 99 (इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना) मधला प्रमाणित गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच, 17 मीटर त्रिज्येचा असतो. सिविकचा व्हीलबेस 2,700 मिमी. चारही चाकं त्या कमानीवर असताना मधोमध पोटाची जागा खाल्ली जाते फक्त साधारण 54 मिमी. म्हणजे नियमाने बांधलेल्या गतिरोधकावर भरलेली सिविकसुद्धा आरामात पार होते. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी रातोरात उगवणारा अर्धा मीटर रुंदीचा उंचवटा मात्र दोन्ही चाकांच्या मधे मावतो. पोट त्याच्यावर येतं तेव्हा एकही चाक वर चढलेलं नसतं, त्यामुळे त्याची पूर्ण उंची पोटातून वजा होते. त्यात पुढची चाकं नुकतीच धपकन उतरून सस्पेन्शन दबलेलं. घासतं ते नेमकं त्याच क्षणी.

म्हणूनच "गाडी तिरकी घाल" हा सल्ला अरुंद उंचवट्यावर फारसा कामाचा नाही. 30 अंश तिरकी घातली तरी पोटाचा मध्य उंचवट्यावर असताना सगळ्यात जवळचं चाकही त्याच्या कडेपासून अर्धा मीटर तरी लांब असतं, गाडीला उचलणार कोण? दीड-दोन मीटर रुंदीच्या उंचवट्यावर आणि पार्किंगच्या रॅम्पवर तिरकं जाणं खरंच उपयोगी पडतं. अरुंदवर मात्र ब्रेक आधीच सोडायचा म्हणजे नाक दबत नाही, आणि पहिल्या गिअरमध्ये अगदी रांगत जायचं.

तर फ्लँज. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर सोडवला आणि काकांनी फ्लँजच्या दोन्ही बाजूंचा जोड कापला. 90 अंश फिरवून कान आडवे करायचे असं ठरलं होतं. पण पाइप जातो त्या तळातल्या बोगद्यात जागा कमी, डावा कान हीट शील्डला टेकायला लागला. टेकला की घरघर आयुष्यभराची! शेवटी 70 अंशांवर टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारले, इंजिन चालू करून रेस देऊन बघितली, कुठे लागत नाही म्हटल्यावर पूर्ण शिलाई. मिग वेल्डिंगने मारलेली शिलाई इतकी देखणी आलीय की हात फिरवत बसावं. गास्केट ग्रॅफाइटचं, बोल्ट नवे, आणि नट पितळी. पितळी नट एक्झॉस्टच्या उष्णतेत गंजून जाम होत नाहीत, पुढच्या वेळी ग्राइंडर लागणार नाही. पुण्यात बोहरी आळीत दोन-तीन दुकानं फिरलो की मिळतात, तिथे नट हातात घेऊन आटे तपासता येतात. ऑनलाइन मागवलेले एका पुरवठादाराचे नट मुलामा दिलेलं लोखंड निघालं, चुंबकाला चटकन चिकटले. चुंबक खिशात ठेवाच.

सकाळची फट-फट बंद. पहिल्या दिवशी मुद्दाम खिडक्या बंद करून, रेडिओ बंद करून नुसती गाडी ऐकत बसलो.

आता आकडे. चार माणसं आणि सामान घेऊन फ्लँजखाली 109 मिमी होते, ते 129 झाले. पण आता सगळ्यात खालचा बिंदू फ्लेक्झीचा मागचा काठ आहे, 124 वर. म्हणजे पदरात पडले 15. ज्या उंचवट्याने रोज छळलं तो आता आवाज न करता पार होतो, त्यामुळे 15 सुद्धा मला सोन्यासारखे आहेत.

फ्लेक्झीसाठी काकांच्या डोक्यात "चप्पल" होती: जरा मोठ्या व्यासाच्या पाइपचा अर्धा कापलेला तुकडा, दोन्ही टोकं वर वळवलेली, पाइपखाली स्टेनलेसच्या पट्ट्यांनी आवळलेला. घासला की बदलायचा. टोकं दोन्हीकडे वळवायची कारण रिव्हर्समध्येही अडकायला नको. पण फ्लेक्झीवर ती बांधता येत नाही. इंजिन माउंटवर हलतं, बाकीचा पाइप बॉडीला लटकतो, ती हालचाल पचवायलाच तर फ्लेक्झी आहे. तिला कडक केलं की ताण पुढच्या वेल्डवर येऊन तोच तुटणार. गार्डची पट्टी मागे वाढवून फ्लेक्झीखाली न्यावी असं कुणीतरी सुचवलं होतं, त्यात उष्णता कोंडते. जाड यूएचएमडब्ल्यूपीईचा तुकडा तर तिथे अजिबात नको. ते प्लॅस्टिक 130 अंशांच्या आसपास वितळतं.

हे लिहिता लिहिता सायलेन्सरचं रबर आठवलं आणि उठून टॉर्च घेऊन खाली गेलो. फ्लँजच्या मागचं हँगर रबर ताणून भोक लंबगोल झालंय, वरच्या बाजूला बारीक चिरा. पाइप त्यावरच लटकतोय, म्हणजे फ्लेक्झीचं मागचं टोकही त्याच्यामुळेच खाली आलंय! नाना पेठेतून रबराची जोडी आणतो. चप्पल सध्या बाजूला, आधी रबर, मग पुन्हा माप. पाच-सहा मिमी जरी वर गेलं तरी चपलेची जाडी वसूल होते.

गार्डबद्दल थोडक्यात. 800 बाय 600 च्या पत्र्याला 3 मिमी लोखंडात 11 किलो भरतात, 4 मिमी 5052 ॲल्युमिनियममध्ये 5 किलोच्या जरा वर. आता चुन्याने सांगितलंय की तिथे घासतच नाही, गार्ड हवा तो खड्ड्यातल्या दगडासाठी. त्यामुळे ॲल्युमिनियमच, आणि बोल्टखाली नायलॉनचे वॉशर, नाहीतर पावसाळ्यात लोखंड-ॲल्युमिनियमच्या जोडावर पांढरी भुकटी धरते. ऑइल ड्रेनचं भोक भोसरीत लेझर कटिंगलाच पाडून घेणार.

आणि काळं रबर कोटिंग मारून "पोट सुरक्षित" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. ते खडी आणि चिखलापासून वाचवतं, ठोक्यापासून नाही. गंजावर मारलं तर आत ओल कोंडून पत्रा अजून लवकर खातं. कोकणातल्या गाड्या बघा, वरून काळं कुळकुळीत आणि स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार.

लिनिया, ऑक्टाव्हिया, जुनी सिटी असलेल्यांनी एक करा: खाली वाकून मधल्या फ्लँजचे कान कुठल्या दिशेला आहेत ते बघा, भरलेल्या गाडीत त्याखालची उंची मोजा आणि इथे टाका. रबर बसवल्यावर ताम्हिणीतून माणगावपर्यंत भरलेली गाडी नेणार आहे, चुना लावूनच. नवं माप त्यानंतर.