मामांची माळ आणि आईची कावीळ

मूतखड्याचा त्रास आईला दहा वर्षांपासूनचा. त्यामुळे कंबर दुखून थंडी वाजली तेव्हा घरात कुणी मनावर घेतलं नाही, मीसुद्धा नाही. दोन दिवस तापाच्या गोळ्यांवर काढले. तिसऱ्या पहाटे ती मला धाकट्या भावाच्या नावानं हाका मारू लागली. कराडला नेलं तेव्हा प्रेशर होतं 80/50.

खडा मूत्रनळीत अडकलेला, वरची किडनी फुगलेली. "आत पू कोंडलाय. सेप्सिस आहे, म्हणजे संसर्ग अंगभर भिनलाय," डॉक्टर म्हणाले. कोणता जंतू आहे ते शोधायला, म्हणजे कल्चरसाठी, रक्त घेतलं, तासाभरात अँटिबायोटिक, भराभर सलाईन. तरी प्रेशर धरेना म्हणून ते वर उचलणाऱ्या औषधाचा, नॉरॲड्रेनॅलिनचा, पंप लावला. रात्रीच मूत्रनळीत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकून लघवीला वाट करून दिली. दुर्बीण आत जातेच आहे तर खडाही काढा की, म्हणून मी सही करताना वाद घातला. तो आत्ता हलवला तर जंतू आणखी रक्तात जातील, असं उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी यकृताच्या तपासणीत एसजीओटी 3,100, एसजीपीटी 1,900, नॉर्मलच्या कितीतरी पट. रिपोर्ट दुसऱ्याच कुणाचा आला असावा, असं वाटलं. आयुष्यात दारूचा थेंब नाही आणि यकृत बिघडलं कसं? यकृताचं सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येतं, म्हणजे त्यातला थोडा प्राणवायू आधीच वापरला गेलेला. प्रेशर पडलं की तिथल्या पेशी गुदमरतात आणि आतली एन्झाइम्स, म्हणजे हीच एसजीओटी आणि एसजीपीटी, रक्तात सांडतात.

चौथ्या दिवशी एसजीपीटी 600 वर आलं, आई मला माझ्या नावानं ओळखू लागली. आणि डोळे पिवळेजर्द! बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं द्रव्य, 0.9 वरून 6.4. इथं माझा धीर सुटला.

मामा गावाकडून काविळीची माळ घेऊनच आले. "अक्काला कावीळ झालीया. ह्यांच्याकडं काविळीला औषध नसतं." गंमत म्हणजे डॉक्टरही तेच म्हणाले, ह्या काविळीवर वेगळं औषध नाही. यकृताच्या पेशींतून पित्त बाहेर ढकलणारी यंत्रणा दाहामुळं मंदावते. पित्तनलिका मोकळ्या, तरी पित्त साचतं. संसर्ग हटला की ती हळूहळू सुरू होते, म्हणजे यकृताचा खरा इलाज स्टेंट टाकला त्या रात्रीच झाला होता.

बाकी सगळी सांभाळासांभाळ. कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू आला, तशी अँटिबायोटिक बदलली. यकृतावर भार नको म्हणून पॅरासिटामॉल बंद. दर काही तासांनी शुगर, कारण बिघडलेलं यकृत साखर टिकवू शकत नाही. रोज आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी. नाकातल्या नळीनं अन्न दुसऱ्याच दिवशी चालू केलं होतं, नुसत्या सलाईनवर ठेवलं नाही. मी मोबाईलवर वाचून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलण्याचं विचारलं. इथं त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं.

बाराव्या दिवशी घरी आलो. आई चालत होती, भाकरी मागत होती, पण डोळे पिवळेच. काही बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटतं आणि अल्ब्युमिन सरायला आठवडे लागतात, हे मला सांगितलेलं होतं. मामांना नव्हतं. आम्ही घरी आलो त्या दिवशीच त्यांनी माळ तिच्या डोक्यावर ठेवली. माळ वाढत खाली उतरत गेली, तीन आठवड्यांत डोळे पांढरे झाले. गावात अजून मामांचंच नाव आहे.