जबड्याचा सांधा, झोपेत दात खाणं आणि नाईट गार्ड

सकाळी उठल्यावर कानशिलं जड वाटतात, भाकरीचा घास चावताना कानासमोर कळ येते, जांभई देताना कट् असा आवाज होतो. अशी तक्रार असणारा माणूस बहुतेक वेळा आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो, मग डोकेदुखीच्या गोळ्या घेतो आणि फिरत फिरत डेंटिस्टकडे पोचतो. तिथे नाईट गार्ड, म्हणजे रात्री झोपताना दातांवर घालायचं आवरण मिळतं, आणि आता दुखणं जाणार असं तो धरून चालतो. घोटाळा इथेच होतो. गार्डचं काम दात झिजू न देणं हे आहे. दुखण्याचा इलाज मुख्यतः स्नायू, सवयी आणि व्यायाम यांत आहे.

कानाच्या भोकासमोर बोट ठेवून तोंड हळू उघडा. बोटाखाली जे सरकतं ते खालच्या जबड्याच्या हाडाचं टोक. ते आधी बिजागरीसारखं फिरतं आणि मग पुढे घसरतं. या हाडाच्या आणि कवटीतल्या खोबणीच्या मध्ये एक पातळ, चिवट चकती असते. ती जागेवरून पुढे सरकली असेल तर तोंड उघडताना हाड तिच्यावर चढतं, तोच कट् आवाज. आवाज आहे पण दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडतं, तर काहीही उपचार करू नका. आवाज मुद्दाम पुन्हा पुन्हा काढून बघण्याची सवय मात्र सोडा, त्याने सांधा चिडतो. आवाज अचानक बंद झाला आणि त्याच वेळी तोंड कमी उघडायला लागलं, तर चकती पुढे अडकल्याची शंका घ्यावी आणि वाट न पाहता दाखवावं. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी आत जातात. हे घरी तपासता येतं.

बहुतेक लोकांचं दुखणं मात्र सांध्यापेक्षा स्नायूंचं असतं. दात आवळले की गालाच्या मागच्या कोपऱ्यात जो गोळा फुगतो तो चावण्याचा स्नायू, आणि दुसरा कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला. जेवण आणि गिळणं धरून दिवसभरात वरखालचे दात एकमेकांना टेकतात ते सगळे मिळून जेमतेम वीसेक मिनिटं. लॅपटॉपसमोर, ट्रॅफिकमध्ये किंवा जिममध्ये वजन उचलताना दात तासन्‌तास चिकटून राहिले, तर स्नायू दुखणारच. इथे झोपेतल्यापेक्षा जागेपणीचं आवळणं जास्त छळतं असं माझं ठाम मत आहे, आणि त्याबद्दल विचारतंच कोण!

जबड्याची विश्रांतीची जागा अशी: ओठ मिटलेले, दात सुटे, आणि ‘न’ म्हणताना जिभेचं टोक टाळूला जिथे टेकतं तिथे ते अलगद विसावलेलं. मोबाईलवर दर तासाची आठवण लावा किंवा स्क्रीनच्या कडेला रंगीत टिकली चिकटवा. टिकली दिसली की दात सोडायचे. पहिले काही दिवस प्रत्येक वेळी दात आवळलेलेच सापडतात, त्याने निराश होऊ नका.

व्यायाम आरशासमोर करावा. जीभ टाळूला लावून ठेवायची आणि ती सुटणार नाही इतकंच तोंड हळू उघडायचं, हळू मिटायचं. हनुवटी एका बाजूला जात असेल तर वेग आणखी कमी करा. एका वेळी सहा आवर्तनं, दिवसातून सहा वेळा. मग जबडा ढिला सोडून दोन बोटांनी गालावरचा दुखरा बिंदू शोधा आणि त्यावर अर्धा मिनिट मध्यम दाब द्या. व्यायामाआधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल १५ ते २० मिनिटं शेकायला ठेवला तर स्नायू लवकर सैल होतो. ताज्या माराला मात्र बर्फ, एका वेळी दहाच मिनिटं. व्यायामानंतर दुखणं वाढून दुसऱ्या दिवशीही टिकलं तर आवर्तनं निम्मी करा. व्यायाम पूर्ण थांबवायची गरज नसते.

दुखणं जोरात असताना दोन आठवडे खाणं मऊ ठेवा: मुगाची खिचडी, वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी, उपमा. ऊस, चिक्की, फुटाणे, कडक चकली, च्युइंगम बंद. सफरचंद आणि पेरू फोडी करून खा, पुढच्या दातांनी तोडू नका. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. महिनोन्‌महिने मऊच खात राहिलं तर स्नायू कमकुवत होतात, म्हणून दुखणं उतरलं की हळूहळू नेहमीच्या जेवणावर या. सूज उतरवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर आणि थोडेच दिवस. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर स्वतःहून मुळीच नाहीत.

२०२३ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुनाट दुखण्यावर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत ठाम शिफारस आहे ती देखरेखीखालच्या व्यायामाची, दुखऱ्या बिंदूंवर हाताने केलेल्या उपचारांची, घरच्या व्यायामाची आणि ताण हाताळायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची. दुखण्यासाठी म्हणून गार्ड वापरू नये याकडे त्या सूचना झुकतात, पण हा सल्ला सौम्य आहे. म्हणजे काहींना गार्डने आराम पडतो, फक्त तो हमखास पडेल असं धरून चालू नये. आणि ‘चावा बसत नाही, म्हणजे वरखालचे दात नीट जुळत नाहीत, म्हणून सांधा दुखतो, चार दात तासून देतो’ असं कुणी म्हटलं तर थांबा. १९३४ साली अमेरिकेतले कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी या तक्रारींचा दोष दातांच्या ठेवणीवर ठेवला, आणि त्या विचारापायी पुढे अनेक वर्षं लोकांचे धडधाकट दात तासले गेले. तासलेलं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, परत येत नाही.

आता दातांकडे. झोपेत दात खाल्ल्याची झीज सपाट आणि चकचकीत असते, वरचा झिजलेला भाग खालच्या झिजेवर नेमका बसतो, सुळ्यांची टोकं जातात. दाढेच्या उंचवट्यांवर वाटीसारखे खळगे दिसले तर तो आम्लाचा परिणाम, म्हणजे आम्लपित्त वर येणं किंवा कोल्ड्रिंक. दोन्ही एकत्र असतील तर झीज फार वेगाने होते. तेव्हा आधी पित्ताचा इलाज, आणि आंबट ढेकर किंवा उलटीनंतर किमान अर्धा तास ब्रश नाही, फक्त चूळ.

गार्ड घ्यायचाच तर कडक, पारदर्शक अॅक्रिलिकचा, वरचे सगळे दात झाकणारा, दाढांच्या मध्ये साधारण २ ते ३ मिलिमीटर जाडीचा. माप दोन्ही जबड्यांचं लागतं, शिवाय चाव्याची नोंद. खरं काम बसवण्याच्या दिवशी असतं. डेंटिस्ट रंगीत कागद चावायला देतो तेव्हा खालच्या दाढांच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या उमटायला हव्यात, आणि जबडा बाजूला सरकवला की फक्त सुळे टेकायला हवेत. हे जुळेपर्यंत अॅक्रिलिक थोडं थोडं घासावं लागतं. कागद न लावता गार्ड हातात दिला तर तपासून मागा. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा जायचं, कारण स्नायू सैल पडले की चावा बदलतो. नंतर सहा महिन्यांनी.

घालताना घट्ट वाटणं काही मिनिटांत जातं. एकच दात ठणकत राहिला, किंवा सकाळी गार्ड काढल्यावर अर्ध्या तासानंतरही दात नीट जुळेनात, तर दुरुस्ती हवी. गार्डवर खाचा पडल्या म्हणजे तो बिघडला असं नाही. दात खाणं चालूच आहे आणि झीज दाताऐवजी अॅक्रिलिक सोसतं आहे, तेच हवं होतं. बाजारातला गरम पाण्यात मऊ करून बसवायचा रबरी गार्ड स्वस्त पडतो, पण लवकर चावून फाटतो आणि काही जण तो चघळत जास्तच आवळतात. फक्त पुढचे दात झाकणारा छोटा तुकडा जास्त दिवस वापरला तर मागच्या दाढा वर येऊन चावा कायमचा उघडा पडू शकतो, म्हणजे पुढचे दात एकमेकांना टेकेनासे होतात. शिवाय तो झोपेत घशात जाण्याची भीती.

गार्ड थंड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. टूथपेस्टने चरे पडतात, गरम पाण्याने आकार बिघडतो. उन्हात उभ्या गाडीत तो विसरू नका.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसभर पेंग असेल तर गार्डआधी झोपेची तपासणी करा. वरच्या गार्डने काहींचा श्वास अडकणं वाढतं. नैराश्यावरच्या सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांनीही दात खाणं सुरू होऊ शकतं. गोळी स्वतः बंद करू नका, लिहून देणाऱ्याला सांगा. रात्रीची दारू, सिगारेट, उशिराची कॉफीही भर घालतात. लहान मुलांचं दात खाणं बहुधा वयाबरोबर जातं, त्यांना गार्ड नको. जंतांचं औषध दिलं म्हणून ते थांबेल असंही नाही.

तोंड उघडत नाही पण सांधा दुखत नाही, तिखटाने आग होते, गालाच्या आत पांढुरके ताठ पट्टे हाताला लागतात, आणि सुपारी किंवा गुटखा खाण्यात आहे: हा जबड्याचा विकार नाही. सुपारीने होणारा हा आजार कर्करोगाकडे जाऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी हे रुग्ण येतातच. ताप, सूज आणि गिळताना त्रास असेल तर अक्कलदाढेचा संसर्ग समजून त्याच दिवशी दाखवा. पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखणं, चावताना जबडा थकणं आणि नजर अंधुक होणं यात काही तासांचा उशीरही डोळे घालवू शकतो. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखला आणि छाती भरून आली तर डेंटिस्टकडे नको, थेट हॉस्पिटलमध्ये.